दोन इंचाला एक सूत

चतुर्थीला गावी गेलो होतो. तिसऱ्या दिवशीची दुपार. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे सगळ्यांच्या अंगावर आलेले, पडवीत माणसं आडवीतिडवी पसरलेली. मला दुपारची झोप लागत नाही. उगाच मागीलदारी गेलो, हिंडत हिंडत मांगराशी, म्हणजे शेतीच्या सामानाच्या खोपटाशी आलो, दाराचा अडसर काढायला हात घातला, तर तो लोखंडी निघाला. वीतभर लांब, टोकांना जबडे, मधल्या दांडीवर गंजाची पुटं. अंगठ्याने घासलं तर खाली रेघा. सारख्या अंतरावरच्या, फुटपट्टीवर असतात तशा.

मी तिथेच ओल्या पायरीवर मटकन बसलो.

गेले आठ महिने ज्या ट्रॅक्टरच्या मापांसाठी मी रात्री जागवत होतो, त्याच ट्रॅक्टरचा तो पाना होता. आणि त्याच्यावर इंच कोरलेले होते. फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर असा पाना मिळे, बहुतेक सगळे नट त्या एकट्यानेच निघत आणि नांगर किती अंतरावर बसवायचा हेही त्यानेच मोजता येई, हे मी वाचलं होतं. फोटो पाहिले होते. तो आमच्याच मांगराच्या दाराला अडकवलेला असेल, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर मधुमेहाला. मी आबांचा, म्हणजे वडिलांच्या चुलत्यांचा, ट्रॅक्टर लाकडात करायला घेतला. मी त्याला प्रतिकृती म्हणतो, घरात सगळे खेळणं म्हणतात. सावंतवाडीत राहून याबद्दल रागावताही येत नाही, लाकडी खेळण्यांच्या इथल्या चितारआळीने शेकडो वर्षं हेच केलं आहे. लाकूडही मी त्यांचंच घेतलं, पांगाऱ्याचं. हलकं, आणि सुरीखाली गरीब गायीसारखं वागणारं. आसांना छत्रीच्या काड्या. पावसाळ्यानंतर मोडक्या छत्र्यांना आमच्याकडे तोटा नसतो.

प्रमाण सोळास एक घेतलं. या छंदातले लोक त्यामागे मोठी कारणं सांगतात. माझं कारण एवढंच की आमच्या सुताराच्या भाषेत आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरच्या दोन इंचांना खेळण्याचं बरोबर एक सूत. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत फर्ग्युसन ७० इंच. झाले ३५ सूत, म्हणजे चार इंच तीन सूत. मागचा टायर दहा-अठ्ठावीसचा. रिम अठ्ठावीस इंची आणि वरखाली दहा-दहा इंच रबर, असे धरून चाक ४८ इंच. झाले तीन इंच. इतकं सरळ उत्तर आलं की मला संशयच आला.

संशय आकड्याचा नव्हता. चार फुटांचं चाक म्हणजे काही मोठं चाक नव्हे. माझ्या आठवणीत ते चाक मांगराच्या पागोळीला टेकत होतं.

हा ट्रॅक्टर आमच्या वाडीत आला तो फोंडाघाट उतरून. आबा मुंबईला गिरणीत फिटर. नोकरी सोडून गावी आले आणि येताना कोल्हापूरकडच्या एका ऊसवाल्याचा जुना ट्रॅक्टर घेऊन आले. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. मॉडेल टीई-२०, १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला पाच लाखांवर निघालेलं. हॅरी फर्ग्युसन या माणसाने नांगर ट्रॅक्टरच्या मागे फरफटत न नेता तीन जागी जोडून ट्रॅक्टरचाच अवयव केला. जमीन जड लागली की हायड्रॉलिक आपोआप नांगर किंचित उचलून घेई. आजही कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे वाकून पाहिलंत तर तोच तीन जागांचा जोड दिसतो.

आता हा एवढा हुशार ट्रॅक्टर, आणि आमचे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं. घडीच्या पोळपाटाएवढे, एकाखाली एक, बांधावरून म्हैस फिरवायलाही जागा नाही. मिरगानंतर आबांनी चिखलणीसाठी तो मळ्यात घातला. वजन टनाहून जास्त. दोन फेरे नीट झाले, तिसऱ्याला तो मागच्या चाकांवर जो बसला तो आसापर्यंत. दोष त्याचा नव्हे. चिखलात घालायची लोखंडी चाकं बसवायला हवी होती, ती आबांकडे नव्हती. चार जोतं जुंपून त्याला बाहेर काढला. बांधावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं. "ह्यो काय नांगरतलो? ह्येकाच नांगरूची पाळी इली!"

याच फर्ग्युसनचे भाऊबंद ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले होते. एव्हरेस्टवाले हिलरीच घेऊन गेले. चाकांवरून पट्टे चढवलेले होते म्हणा. पण हे मला साठी उलटल्यावर कळलं, याचं वाईट वाटतं. त्या म्हाताऱ्याला ऐकवायला हवं होतं. अर्थात तो म्हणाला असता, थंय चिखल खय होतो?

त्यानंतर आबांचा ट्रॅक्टर मळ्यात कधी उतरला नाही. चिरे वाहायचा, बागेतलं शेणखत वाहायचा, लग्नाचं सामान वाहायचा. आणि आम्हाला वाहायचा, दोन मडगार्डांवर दोन. मी डावीकडे, दादा उजवीकडे.

चालू करण्याचा एक सोहळा असे. आधी पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा. पेट्रोलचा वास विरून रॉकेलचा येईपर्यंत आबा कुणाशी बोलत नसत, मान तिरकी करून इंजिन ऐकत असत, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. स्टार्टरला वेगळं बटण नाही. गिअरचा दांडाच 'एस' लिहिलेल्या खुणेकडे ढकलायचा, म्हणजे गिअरमध्ये असताना गाडी चुकून सुरू होऊन अंगावर यायची भीती नाही. तो दांडा ढकलायचा मान माझा. इंग्रजीतलं मला ओळखता आलेलं ते पहिलं अक्षर. माझं नाव स-वरून सुरू होतं, त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत होती की ती खूण आबांनी माझ्यासाठी काढून घेतली आहे. दादाला ही समजूत मान्य नव्हती. त्याचं नाव य-वरून.

तर, संशोधन. मापं मिळतात. ज्यांना काही उद्योग नाही अशा माणसांनी जगभर सगळं मोजून ठेवलं आहे, त्यांना माझा नमस्कार. अडतं ते आपल्या घरच्या ट्रॅक्टरवर. सायलेन्सर खालून मागे गेलेला की वर उभा? दोन्ही तऱ्हेचे फोटो सापडतात. दादा म्हणाला खालून, मी म्हणालो वर. त्या दुपारी पाना हातात घेऊन मांगरात शिरलो आणि सहज वर पाहिलं. वाशाला ताटलीएवढा काजळीचा गोल. मी दादाला झोपेतून उठवून आणून दाखवला. तो म्हणाला, "तो चुलीचा असेल." मांगरात चूल कधीच नव्हती. पण लहान भावाशी वाद हरायची त्याला सवय नाही आणि मलाही त्याला हरवायची.

रंगाचं प्रकरण त्याहून वाईट. टीई-२० राखाडी. फर्ग्युसनने दुसरा रंग लावूच दिला नाही. तो लाल पुढे मॅसी-फर्ग्युसन नाव झाल्यावर आला. मला मात्र आमचा ट्रॅक्टर निळा आठवतो, आणि दादा शपथेवर लाल सांगतो. पुराव्याला उरलंय एक मडगार्ड, बाकी सगळं केव्हाच भंगारात गेलं. हे मडगार्ड परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर उपडं टाकलेलं आहे. उजवं, म्हणजे दादाचं. खाऱ्या वाऱ्याने कडा वेफरसारख्या झालेल्या. मी रुपयाने एक कोपरा खरवडला. कोंबड्या आत ओरडत होत्या. वर निळा, जाड, होडीला लावतात तो. मग आठवलं, खाडीपलीकडे आबांचा एक दोस्त होता, त्याच्या होडीला रंग काढला की उरलेला डबा इकडे येई. निळ्याखाली लाल. दादाचा चेहरा फुलला. पण तो लाल रंग नव्हे, रेड ऑक्साइडचा हात. होडीचा डबा यायला उशीर झाला असणार, आणि तेवढ्या चार-आठ दिवसांचा ट्रॅक्टर दादाने आयुष्यभर जपून ठेवला. ऑक्साइडच्याही खाली, नखाएवढ्या जागेत, राखाडी.

आता मी कुठला लावू? जाणकार म्हणतील राखाडी. मी तीन महिने राखाडी जुळवण्यात घालवले आहेत, थोडा काळा, थोडा निळा, चिमूटभर पिवळा. एका फळीवर अठरा राखाडी पट्टे वाळत आहेत. ही त्यांना आभाळ म्हणते. तीन पट्ट्यांवर तिने पेन्सिलीने जून, जुलै, ऑगस्ट लिहून ठेवलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, बरोबर लिहिलं आहे.

गावाहून आल्यावर आणखी एक उद्योग केला. मडगार्डावर बसलेला मी किती मोठा दिसायला हवा? शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकात उंची सापडली. ४६ इंच. म्हणजे २३ सूत, म्हणजे मी पावणेतीन इंचांच्या जरा वर. तीन इंचाच्या चाकापेक्षा एक सूत कमी. तेव्हा पागोळीला टेकणारं चाक मी माफ करून टाकलं. खरोखरच ते माझ्या डोक्यावरून जात होतं.

मग त्याच नादात आबांचं. त्यांच्या गिरणीचा एक जुना पास आहे, त्यावर पाच फूट चार. म्हणजे ६४ इंच. सोळाने भागलं तर चार इंच. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. हिशेब इतका नेटका सुटला म्हणून आधी मला बरं वाटलं. कागदावर चार इंचांची एक उभी रेघ काढली, पट्टी धरून. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिलो आणि कागद उलटा घातला. अजून सुलटा केलेला नाही. सीट रिकामी राहिली तरी बिघडत नाही. तसेही उभ्या ट्रॅक्टरचेच फोटो जास्त असतात.

काल वहिनीचा फोन. मला वाटलं खुशाली विचारायला. तर म्हणाली, "भावजीनू, तो पानो परत हाडा हां. दार ऱ्हवणा नाय, पाडो मांगरात शिरता."

रविवारी नेऊन देतो म्हटलंय. त्याच्याआधी त्याचा सोळावा हिस्सा करून घ्यायला हवा. वीतभराचे होतात जेमतेम पाच सूत. एवढ्याशा दांडीवर इंचाच्या रेघा मारायच्या तर ब्रशला एकच केस पुरे. शेजारच्यांच्या मांजराला दोन दिवस दूध घालतोय.