मावशीच्या गोळ्या

मे महिन्यात कॅन्सरच्या गाठीमुळे बाबांची उजवी किडनी काढली. तीन आठवड्यांनी कराडहून मावशी आली. पिशवीत आवळ्याचा रस, चकल्या आणि गोळ्यांची एक बाटली; बाटलीवर ठळक अक्षरात ‘अँटिऑक्सिडंट’. "दाजींच्या पेशी गंजल्यात गं," म्हणाली, "यानं गंज धरत नाही."

उपमा तशी चुकीची नाही. ऑक्सिजन वापरताना पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असले उपद्रवी रेणू तयार होतच असतात. ते निस्तरायला पेशीकडे स्वतःची प्रथिनं असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना कामाला लावणारा मुकादम म्हणजे एनआरएफ२. एरवी केप१ नावाचं दुसरं प्रथिन या मुकादमाला धरून मोडीत पाठवत राहतं. ताण वाढला की केप१ची पकड सुटते.

बाबांच्या गाठीत फ्युमरेट हायड्रेटेज हे एन्झाइमच नव्हतं. बी.एस्सी.ला क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीतलं ऊर्जा मिळवण्याचं चक्र, घोकली तेव्हा ‘फ्युमरेटचं मॅलेट होतं’ एवढीच त्याची ओळख. दोन मार्कांचा प्रश्न. ते नसेल तर फ्युमरेट साचतं आणि केप१मधल्या सिस्टीन या अमिनो आम्लांना जाऊन चिकटतं. मग मुकादम कायमचा मोकळा. (हे २०११ साली उलगडलं, माझं कॉलेज संपल्यावर.) थोडक्यात, गंज न धरण्याची सोय गाठीनं आधीच करून ठेवली होती, तीही चोवीस तास. तिला वरून आणखी रसद कशाला?

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. फुप्फुस वेगळं, किडनी वेगळी, मान्य. तरी बाटली मी फ्रिजवर मागे सरकवून ठेवली. चकल्या बाबांनी संपवल्या.

रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी भलतंच विचारलं होतं, "घरात कुणाची पिशवी लवकर काढलीय का?" आत्याची. बत्तिसाव्या वर्षी, गाठींमुळे. तेव्हा सगळे म्हणाले, बायकांचं असतंच काहीतरी. ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकातला तोच एक दोष बायकांच्या गर्भाशयात अशा गाठी करतो. बाबांच्या रक्तात तो निघाला. परवा दादानं आणि मी रक्त दिलं. आमच्यात तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी.

काल मावशीचा फोन. "गोळ्या संपत आल्या असतील, दुसरी बाटली पाठवू?"

"आहेत अजून," म्हटलं.