वॉर्कवर्थची फेरी आणि मोजणीवाले काका

एडिंबरोहून यॉर्ककडे जाताना आमची बस वॉर्कवर्थला थांबते, याला किल्ल्याइतकेच ड्रायव्हरही कारण आहे. ब्रिटनमध्ये साडेचार तास गाडी चालवल्यावर ड्रायव्हरने 45 मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे असा कायदा आहे आणि गाडीतले यंत्र त्याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. ही विश्रांती महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर घालवण्याऐवजी नॉर्थम्बरलंडमधल्या या गावात घेतली, की पत्रकात ‘मध्ययुगीन किल्ल्याभोवती नदीकाठची सोपी गोलाकार पदभ्रमंती’ छापता येते. पदभ्रमंती खरोखरच सोपी आहे. पाऊस झाल्यास चिखल असतो, पण चढ नावापुरताच आहे. अशा फेरीचे वेळापत्रक सर्वांत सावकाश चालणाऱ्यावरून नव्हे, तर स्वच्छतागृहातून सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्यावरून ठरते, हे मात्र टूर मॅनेजर झाल्याशिवाय कळत नाही.

ज्या फेरीची ही हकिकत आहे त्या गटात बहुतेक निवृत्त मंडळी होती आणि निम्म्यांनी सह्याद्री पालथा घातलेला होता. त्यामुळे वॉर्कवर्थचा किल्ला पाहताच ‘याला किल्ला म्हणायचे?’ हा प्रश्न आला. तो प्रत्येक मराठी गटाकडून येतो आणि त्याचा मला आता कंटाळा आला आहे, कारण राजगडाशी तुलना करून झाली की समोरचे पाहणे बंद होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या अर्ल ऑफ नॉर्थम्बरलंडने, म्हणजे सरदार हेन्री पर्सीने, बांधलेला इथला मुख्य मनोरा क्रॉसच्या आकाराचा आहे आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उघडा चौक आहे. त्यातून आत उजेड येतो, शिवाय त्यातून पडणारे पावसाचे पाणी तळाच्या टाक्यात साठवून शौचकूप धुण्यासाठी वापरत असत. हे सांगितले की गट पुन्हा ऐकू लागतो. त्यानंतर 1403 मध्ये श्रूजबरीच्या लढाईत मारला गेलेला पहिल्या अर्लचा मुलगा हॉटस्पर आणि 1405 मध्ये राजा चौथ्या हेन्रीच्या तोफांपुढे किल्ल्याने पत्करलेली शरणागती, एवढे सांगून आम्ही खाली उतरतो. बरेच सहकारी हॉटस्परवरच अर्धा तास काढतात. ऐकणाऱ्यांना ते आवडते, हेही खरे.

पुढचा मार्ग असा आहे: किल्ल्यापासून कॅसल स्ट्रीटने उतारावरून गावात, तिथून सेंट लॉरेन्सचे चर्च आणि चौदाव्या शतकातला पूल, मग कॉकेट नदीच्या काठाने गावाच्या मागून वळसा घेऊन पुन्हा किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि तिथून थोडे वर होडीच्या धक्क्यावर. पलीकडच्या तीरावर कड्यात कोरलेले तपस्व्याचे प्रार्थनागृह आहे. तिथे होडीनेच जावे लागते, होडीत मोजकीच माणसे मावतात आणि नदीला पाणी चढले की फेऱ्या बंद होतात. म्हणून होडीची वेळ मी सहसा चुकू देत नाही.

त्या दिवशी धक्क्यावर डोकी मोजली तेव्हा एक कमी भरले. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले एक काका नव्हते. गटाने पहिल्याच दिवशी त्यांचे ‘मोजणीवाले काका’ असे नाव ठेवले होते, कारण हॉटेलची खोलीसुद्धा ते पावलांनी मोजत. होडी समोर उभी होती. तिकिटे मी गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या हाती दिली, पहिली तुकडी रवाना करायला सांगितले आणि मागे फिरले.

काका नदीकाठच्या वाटेवर नव्हते. ते गल्लीतून वर चढून कॅसल स्ट्रीटवर परत आले होते आणि एका घराच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत टाचेला टाच लावून चालत होते. मला पाहून थांबले नाहीत, बोट वर करून आधी आकडा पूर्ण केला.

“ताई, हे गाव आपोआप वाढलेलं नाही,” ते म्हणाले. “कुणीतरी दोरी टाकून पाडलेले पट्टे आहेत हे. रस्त्याला तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब, पार नदीपर्यंत. खालून बघा, बांध अजून जागेवर आहेत.”

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. त्या वाटेवरून मी अनेकदा गेले होते आणि दर वेळी माझी नजर वर किल्ल्याकडेच असायची. या वेळी वाटेच्या बाजूला पाहिले. एकामागून एक लांबट बागा उतरत होत्या, त्यांच्यामध्ये जुन्या दगडी भिंती होत्या, आणि एका भिंतीत चुन्याच्या दरजांतून लहान पानांची वेल बाहेर आली होती. बाजारपेठेच्या रस्त्यालगतची दर्शनी जागा मोलाची, म्हणून प्रत्येकाला ती थोडीथोडीच मिळे आणि भाजीपाला, जनावरे, कारागिरी हे सगळे मागच्या पट्ट्यात चाले. अशा पट्ट्याचा धारक जमीनदाराला वेठबिगारीऐवजी ठरलेला रोख सारा देत असे. एवढे मला वाचून माहीत होते, पण वाटेवर उभे राहून ते कधी दाखवले नव्हते.

“तीन बाजूंना नदी, उत्तरेला पुलावरची वेस आणि दक्षिणेला उघड्या बाजूवर किल्ला,” काका म्हणाले. “गाव किल्ल्याच्या आश्रयाला नाही बसलेलं. किल्ला गावाच्या दारात बसलाय, वसुलीला.” हे शेवटचे वाक्य इतिहासकार जसेच्या तसे मान्य करणार नाहीत, किल्ला संरक्षणासाठीही होताच. तरीही 1332 पासून पर्सी घराण्याकडे आलेल्या या ठाण्याबद्दल इतके नेमके वाक्य मी कुणा व्यावसायिक गाइडकडून ऐकलेले नाही.

आम्ही धक्क्यावर पोहोचेपर्यंत होडीच्या फेऱ्या संपल्या होत्या. बहुतेक मंडळी पाहून आली होती. चौघांनी मात्र मी नसताना होडीत बसायला नकार दिला होता आणि ते संतापलेले होते. काकांचेही प्रार्थनागृह हुकले, म्हणून बसमध्ये मी त्यांना 1531 मधल्या नेमणुकीची हकिकत सांगितली. त्या वर्षी सहाव्या अर्लने त्या प्रार्थनागृहाच्या पुजाऱ्याला वर्षाला 20 मार्क (तेव्हाचे चलनी परिमाण), बारा गाई आणि एका वळूसाठी चराई, दर रविवारी मासळी आणि वीस गाड्या सरपण लावून दिले होते.

“म्हणजे इनामच की,” काका म्हणाले, आणि लगेच त्यांनी दुरुस्ती केली, “पण जमीन नाही दिली. चराईचा हक्क दिला. फरक आहे.” यॉर्क येईपर्यंत त्यांनी वहीच्या पानावर गावाचा कच्चा नकाशा काढला होता, त्यात पट्ट्यांना क्रमांकही घातले होते.

चौघांची तक्रार रीतसर आली: एका प्रवाशासाठी गट ताटकळत ठेवला. तक्रारीत खोटे काही नाही. त्यांनीही तेवढेच पैसे भरले होते, आणि नदीकाठी ऐंशीकडे झुकलेला माणूस नजरेआड झाला तर टूर मॅनेजरने जाऊन शोधायचे असते, हे त्यांना त्या क्षणी पटणे अवघड होते. माझ्या मनात राहिलेला प्रश्न वेगळा आहे. काका सापडल्यावर मी त्यांना हाताला धरून लगेच परत आणू शकले असते. त्याऐवजी त्यांच्याबरोबर मी भिंती पाहत खाली उतरले, आणि ती वीसेक मिनिटे चौघांच्या खात्यातून गेली.

कार्यालयाने यावर काढलेला तोडगा मला मान्य नाही. नव्या वेळापत्रकात किल्ल्यावरून थेट होडीकडे जायचे आहे आणि गावातून जाणारा, नदीकाठाने वळणारा भाग वगळला आहे. त्यामुळे फेरी गोलाकार राहत नाही, आणि ज्या गावामुळे तो किल्ला तिथे आहे ते गावच दिसत नाही. मी लेखी हरकत घेतली आहे: होडी आधी उरकावी, गाव नंतर ठेवावे आणि त्यासाठी अर्धा तास वाढवून द्यावा. सोबत काकांच्या नकाशाची प्रत, त्यांची परवानगी घेऊन, जोडली आहे.