वॉटर जंपवरचे पंधरा सेंटिमीटर

स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत. तिच्यात वॉटर जंपपाशी, म्हणजे पुढे पाण्याचा खड्डा असलेल्या अडथळ्यापाशी, बसलेल्या पंचाची नजर पायांवर असते. कुणी अडथळ्याच्या बाजूने गेलं का, मागचा पाय अडथळ्याच्या वरच्या पट्टीच्या पातळीखालून बाहेर काढला का, एवढंच बघायचं असतं. त्या दिवशी तिथे मी होते. काहीतरी चुकलंय हे कळलं, तेही पायांवरूनच.

महिलांची 3000 मीटरची शर्यत होती, नऊ जणी धावत होत्या. पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आतल्या बाजूला, त्यामुळे एक फेरी साधारण 396 मीटरची. आधी अडथळ्यांविना सव्वादोनशे मीटर, मग सात पूर्ण फेऱ्या. फेरीत पाच उड्या, त्यातली चौथी पाण्याची. म्हणजे पहिल्यांदा पाण्यापाशी येताना पाचशे मीटरही झालेले नसतात. पाय ताजे असतात. थकून उडी बिघडायची ती पाचव्या-सहाव्या फेरीत. इथे पहिल्याच फेरीत नऊपैकी सहा जणी अडथळ्याच्या पायथ्याशी, खोल पाण्यात, दोन्ही पायांवर आपटल्या.

चांगली उडी कशी असते ते सांगायला हवं. शेवटच्या दहा-पंधरा मीटरवर वेग थोडा वाढवायचा. साधारण दीड मीटर अलीकडून उडी घ्यायची आणि चवड्याने पट्टीवर पाय टेकायचा. कंबर खाली, गुडघा वाकलेला. अंग पुढे सरकेपर्यंत थांबायचं आणि मग रेटा द्यायचा तो पुढे, वर नाही. खड्डा अडथळ्यासकट 3.66 मीटर लांब असतो. तळ अडथळ्यापाशी खोल आणि पुढे चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येतो. म्हणून जितकं पुढे पडाल तितकं पाणी उथळ. एक पाय घोट्याएवढ्या पाण्यात, दुसरा थेट कोरड्यावर. ज्यांना हे जमतं त्या प्रत्येक फेरीला अंतर मिळवतात, आणि या प्रकारात अंतरं फार बारीक असतात. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 28 साधे अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या झाल्यावर अविनाश साबळेचं सुवर्ण हुकलं ते 0.05 सेकंदाने.

आता पट्टी वर असेल तर काय होतं बघा. पाय पट्टीवर पोचतो तेव्हा अंग अजून मागेच असतं. गुडघा जास्त दुमडतो, अंगाला ब्रेक लागतो, रेटा वर जातो आणि धावपटू सरळ खाली येते. आघाडीची मुलगी पट्टीवर क्षणभर अक्षरशः बसली. चौथीची नडगी पट्टीच्या कडेवर घासली आणि ती हातांवर पडली.

शेवटची मुलगी पुढे जाताच मी टेप लावला. 914 मिलिमीटर. पुरुषांची उंची. महिलांसाठी हवी 762, म्हणजे 15.2 सेंटिमीटर कमी.

कसं राहिलं? आधी पुरुषांची शर्यत झाली होती, त्यानंतर पाचही अडथळे खाली घ्यायचे होते. ट्रॅकवरचे चार अडथळे उचलता येतात. प्रत्येकाचं वजन 80 ते 100 किलो, त्यामुळे कामाला गडी जास्त आणि सगळ्यांचं लक्षही तिकडेच. पाण्याचा अडथळा जमिनीत घट्ट रोवलेला, त्याच्या पिना वेगळ्या, त्या ओल्याने जाम होतात आणि हातोडीने ठोकून काढाव्या लागतात. ते काम दुसऱ्या गटाकडे होतं. तपासणीच्या कागदावर मात्र पाचही अडथळ्यांसाठी एकच चौकट होती. चार खाली आले आणि चौकटीत खूण पडली. मी टेपने मोजलं तेही ते चारच. पाचव्याचं ‘झालंय’ असं नुसतं ऐकलं. डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण पाण्याच्या अडथळ्याशेजारी ताडून बघायला दुसरा अडथळाच नसतो. आधीचा कार्यक्रम लांबल्यामुळे मुलींना शर्यतीआधी पाण्यावरून एकही उडी मारून बघता आली नव्हती, नाहीतर त्यांच्या पायांनी तिथेच सांगितलं असतं.

त्या परत यायला सत्तर सेकंदही नव्हती. तेवढ्यात पिना काढून पट्टी खाली घेऊ, असं कुणीतरी ओरडलं. रेफ्रींनी ऐकलं नाही आणि ते बरोबरच होतं. अर्धी शर्यत एका उंचीवर, अर्धी दुसऱ्या, तर त्या वेळेला अर्थ काय? शिवाय चुकलेली शर्यत पुढे रेटली की भोगतात धावपटूच. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजण्यात चूक झाली आणि सगळे 3460 मीटर धावले. 3000 मीटरला दुसरा असलेला अमेरिकेचा जो मॅक्लस्की त्या जादा फेरीत तिसरा झाला आणि निकाल तसाच राहिला. आमच्याकडे त्या पुन्हा पाण्यापाशी येण्याआधीच लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली.

नडगी घासलेली मुलगी ट्रॅकच्या कडेला बसली होती. कातडं सोललेलं, त्यात पट्टीचा पांढरा रंग भरलेला. मी पाणी ओतून तो काढत होते.

“मॅडम, किती होतं?”

“एक्क्याण्णव पॉइंट चार.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, माझाच पाय उचलला गेला नाही.”

बाकीच्यांनाही तेच वाटलं होतं. एकीनेही अडथळ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. ही मुलं वर्षानुवर्षं एकच उंची अंगात मुरवतात. सरावाला पाण्याचा खड्डा नसेल तर लांब उडीच्या वाळूपुढे अडथळा ठेवून, एकदा डाव्या पायाने, एकदा उजव्या. चुकलं तर आपलंच चुकलं, ही सवय त्यातूनच लागते. म्हणून तर उंची मोजणाऱ्याची जबाबदारी मोठी.

आता माझ्याकडे दोन सरळ दांडके आहेत, एक 762 चं, एक 914 चं. पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी लावते. फरक 3 मिलिमीटरपर्यंत चालतो. कागदावर पाच अडथळ्यांच्या पाच ओळी आहेत आणि खूण करायची नाही, आकडा लिहायचा. मी मोठ्याने वाचते, दुसरा लिहितो. पाण्याचा अडथळा शेवटी, खड्डा काठोकाठ भरल्यावर.

शर्यत त्याच संध्याकाळी पुन्हा झाली. आठच जणी उतरल्या. आघाडीवर असलेल्या मुलीचा घोटा सुजला होता. नडगीला पट्टी बांधलेली मुलगी पहिल्या फेरीत पाण्यापाशी आली, चवडा टेकला, पुढे झेपावली. डावा पाय पाण्यात, उजवा कोरड्यावर.