घरातल्या उपकरणांना नावे कशी ठेवावीत

राउटरचे पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली, तर बहुतेक घरांत ‘डेस्कटॉप’ या शब्दामागे अगम्य अक्षरे आणि आकडे, ‘ईएसपी’पुढे सहा चिन्हे, अशी कारखान्यातून आलेली नावेच दिसतात. भुसावळच्या आमच्या घरी मी ती सगळी बदलली आहेत, कारण ज्याला ओळखण्याजोगे नाव नाही, ते उपकरण बंद पडले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे भर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की वीज वारंवार जाते, आणि ती परत आली की सगळी उपकरणे एकदम सुरू होऊन राउटरकडे पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला आयपी क्रमांक, मागू लागतात. अशा वेळी पत्ते बदलू शकतात. नाव मात्र तेच राहते.

नाव माणसावरून किंवा कंपनीवरून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. मुलाचा लॅपटॉप उद्या आजोबांकडे जातो, एका कंपनीचा कॅमेरा जाऊन दुसरीचा येतो. ओसरी मात्र ओसरीच राहते. म्हणून आधी जागा आणि मग काम, या क्रमाने ‘ओसरी-कॅमेरा’, ‘माडी-टीव्ही’, ‘वावर-मोटार’ अशी नावे मी ठेवली. केळीच्या वावरातून भाऊ फोनवर ‘वावर-मोटार दिसत नाही’ एवढे म्हणाला, तरी काय तपासायचे ते घरातल्या कोणालाही कळते.

ही नावे उपकरणात भरताना रोमन लिपीच वापरावी. १९८५ मध्ये ठरलेल्या नियमानुसार अक्षरे, आकडे आणि आडवी छोटी रेघ एवढेच चालत असे आणि नावाची सुरुवात अक्षरानेच करावी लागे. १९८९ मध्ये आकड्याने सुरुवात करण्याची मुभा मिळाली. रेघ नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येऊ शकत नाही, आणि मोकळी जागा व अंडरस्कोअर चालत नाहीत. लहान-मोठ्या लिपीचा भेद मानला जात नाही. एका नावाची मर्यादा ६३ चिन्हांची असली, तरी घरच्या नेटवर्कवर संगणक ओळखण्याचे विंडोजचे जुने ‘नेटबायोस’ नाव १५ अक्षरांपुरतेच असल्याने मी त्या आतच राहतो. दोन प्रिंटरना एकच नाव दिले, तर घरच्या नेटवर्कवर उपकरण नावाने शोधण्याच्या ‘डॉट लोकल’ पद्धतीत त्यांपैकी एकाच्या नावापुढे सहसा ‘२’ लागतो, आणि वीज गेल्यावर तो कोणाला लागेल याचा भरवसा नसतो.

देवनागरीची हौस वाय-फायच्या नावात भागवता येते. मात्र तिथे ३२ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. ‘खानदेशी वाडा’ हे नाव मधल्या मोकळ्या जागेसह ३४ बाइटचे होते, म्हणून ते बसत नाही. ‘खानदेश वाडा’ ३१ बाइटमध्ये बसते.

नावाबरोबर पत्ताही कायम हवा असेल, तर राउटरमध्ये उपकरणाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे कारखान्यातच मिळालेल्या ओळखक्रमांकाशी, तो बांधून ठेवावा. कॅमेरा, प्रिंटर आणि मोटारीचा कंट्रोलर यांच्यासाठी हे अवश्य करावे. नवे फोन मात्र खरा मॅक पत्ता लपवून वेगळाच दाखवतात, त्यामुळे फोनचा पत्ता बांधायचा असल्यास घरच्या नेटवर्कपुरती ती सोय आधी बंद करावी लागते.