तुम्ही विचारलंत म्हणून: ब्यूटला थांबायचं का?

दर उन्हाळ्यात हा फोन येतोच. सिएटलहून गाडीने यलोस्टोनला निघालेलं ओळखीतलं एखादं कुटुंब नकाशा समोर घेऊन विचारतं, "वाटेत माँटानातलं ब्यूट लागतंय. तुम्ही तिथे होतात ना? थांबण्यासारखं आहे का काही? फोटोत तर सगळं ओसाड दिसतंय." आणि मग जरा आवाज उतरवून, "नऊ वर्षं काढलीत कशी हो तिथे?"

फोनवर मी "थांबाच" म्हणते. पण तेवढ्याने उत्तर होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

हायवेच्या कडेला दिसतं ते जुनं, तांब्याच्या खाणींचं ब्यूट नाही. ती खालची सपाटी. पेट्रोल पंप, मोटेलं, मोठाली दुकानं. तिला तिथे 'फ्लॅट' म्हणतात. जुनं शहर उत्तरेला चढावर आहे, त्याचं नाव अपटाउन, आणि खालून चालत निघालात तर ते नाव किती खरं आहे हे पायांना कळतं. मुळात शहरच साडेपाच हजार फुटांच्या वर. आडव्या रस्त्यांच्या पाट्या वाचत चढायचं: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, मर्क्युरी, गॅलीना, पुढे ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, कॉपर. पायाखाली जे सापडलं तेच रस्त्यांना दिलं.

मेन स्ट्रीटवर पोचलात की नवखा माणूस गोंधळतो. आज लोकवस्ती जेमतेम ३४ हजार आणि इमारती मात्र महानगराच्या. १८७९च्या आगीनंतर व्यापारी भागात विटांचं किंवा दगडाचंच बांधकाम हवं असा नियम झाला, त्यामुळे इथे लाकडी फळ्यांचं सिनेमातलं गाव नाही. आठ-आठ मजल्यांच्या विटांच्या इमारती आहेत. १९०६ची मेटल्स बँक वास्तुकार कास गिल्बर्टची. न्यूयॉर्कची वूलवर्थ बिल्डिंग पुढे त्यानेच केली. १८९८च्या हेनेसी बिल्डिंगमध्ये खाली कपड्यांचं झकपक दुकान होतं आणि सहाव्या मजल्यावर इथल्या खाणी चालवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीची कचेरी. माँटानात कोणी काय करायचं ते 'सहाव्या मजल्यावर' ठरतं, असं लोक म्हणायचे.

एवढा पैसा आला तांब्यातून. १८६४मध्ये इथे लोक सोन्यासाठी आले, मग चांदी लागली. १८८२च्या सुमारास खाणमालक मार्कस डेलीच्या अ‍ॅनाकोंडा खाणीत तांब्याची जाडजूड शीर सापडली, आणि नेमक्या त्याच काळात जगाला विजेच्या तारांसाठी तांबं हवं होतं. आयरिश, इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे कॉर्निश, फिनिश, इटालियन, सर्ब, चिनी, जो तो आला. 'पृथ्वीवरची सगळ्यात श्रीमंत टेकडी' असं तिचं नाव पडलं.

पण माझा जीव इमारतींवर नाही जडला. तो जडला हेडफ्रेमवर. खाणीच्या उभ्या विहिरीच्या तोंडावरचा पोलादी सांगाडा, वर दोन मोठी चाकं, त्यांवरून दोरखंड जाऊन माणसांचा पिंजरा खाली सुटायचा. जुने लोक त्याला फाशीचा खांब म्हणतात. डझनभराहून जास्त सांगाडे अजून उभे आहेत, आणि उभे आहेत ते गावाबाहेर नव्हे, घरांच्या मध्ये. एका घराचं अंगण संपतं, तारेचं कुंपण, आणि लगेच हेडफ्रेम. ओरिजिनल, अँसेल्मो, बेलमाँट, ऑर्फन गर्ल. माउंटन कॉनवर तर लिहिलंय, 'एक मैल उंच, एक मैल खोल'. कामगाराने घरून पायी निघावं आणि चार मिनिटांत जमिनीखाली असावं, असं हे शहर मांडलेलं आहे. खालच्या बोगद्यांची लांबी तिथले लोक दहा हजार मैल सांगतात. ब्यूट बघताना हे धरून चाला की तुम्ही खाणीचा वरचा मजला बघताय. मोठा भाग खालीच आहे.

आता नऊ वर्षांचं सांगते. नवऱ्याची नोकरी खाणीच्या दूषित पाण्याच्या कामाशी जोडलेली, म्हणून आम्ही गेलो. मी लालबागची. वडील गिरणीत साचेवाले होते. पहिल्या हिवाळ्यात एका इतिहासाच्या फेरीत वाटाड्याने सांगितलं की खाण कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांत एक पाळी उठली की दुसरी पाळी त्याच गादीवर झोपायची, अंथरूण कधी गार व्हायचं नाही. मी तिथेच थांबले. आमच्या चाळीत समोरच्या खोलीत गाववाले असेच पाळीपाळीने झोपायचे, आणि जेवायला खानावळवाल्या मावशींकडे जायचे. त्याच वाटाड्याने पुढे तारीख सांगितली: २२ एप्रिल १९८२ला खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद केले. आमच्याकडचा गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. त्या दिवसानंतर ते शहर मला परकं वाटलं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

पंप बंद केल्याने काय झालं ते बघायला बर्कली पिटवर जा. १९५५पासून कंपनीने बोगदे सोडून वरूनच टेकडी खणायला घेतली, कारण उरलेलं तांबं विरळ होतं आणि उघड्या खाणीत ते स्वस्तात निघायचं. खड्डा वाढत गेला आणि मीडरव्हिल, मॅक्वीन, ईस्ट ब्यूट या वस्त्या त्यात गेल्या. अख्ख्या वस्त्या, चर्चसकट. पंप थांबल्यावर भूजल चढलं, गंधकयुक्त खडकातून आम्ल झालं, आणि आज तिथे लालसर-तपकिरी पाण्याचं तळं आहे. १९९५च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर उतरलेले ३४२ स्नो गीस पक्षी मेले. आता पक्ष्यांना हुसकायला माणसं ठेवलेली आहेत, आणि २०१९पासून पाणी शुद्ध करून सिल्व्हर बो ओढ्यात सोडतात. नवरा सांगायचा, त्या पाण्यात इतकं तांबं विरघळलेलं की ते भंगार लोखंडावरून सोडलं तर लोखंडावर तांबं धरतं. त्याने एकदा एक खिळा आणून दाखवला होता. अर्धा गंजका, अर्धा नव्या पैशासारखा.

बघायच्या सज्जापर्यंत एका छोट्या बोगद्यातून जावं लागतं. शेजारच्या आजी माझ्याबरोबर एकदाच आल्या, ऐंशीच्या पुढच्या, मीडरव्हिलच्या इटालियन. कठड्याला धरून त्यांनी हात लांब केला आणि पाण्याकडे नाही, वर, रिकाम्या हवेत बोट दाखवलं. म्हणाल्या, "तिथे. आमचं स्वयंपाकघर." मी त्या बोटाच्या दिशेने बघत राहिले. जमीनच उरली नाही तर माणूस पत्ता हवेत सांगतो.

वर ग्रॅनाइट माउंटन खाणीचं स्मारक आहे, तिथेही जा, वारा असला तरी. ८ जून १९१७ला तिथे आग लागून १६८ माणसं गेली. आग विझवण्याचीच सोय करायला विजेची केबल खाली सोडत होते. ती निसटली, आणि ती बघायला उतरलेल्या माणसाच्या कार्बाइडच्या दिव्याने तिचं तेलकट आवरण पेटलं. मॅनस डगन नावाच्या तरुणाने लाकडं, कपडे, माती लावून भिंत उभी केली आणि धूर अडवला. त्याच्या सोबतचे २५ जण वाचले, तो मात्र वाचला नाही. अंधारात बायकोला लिहिलेल्या त्याच्या चिठ्ठ्या मागे राहिल्या. मी तिथे दर जूनला जात असे.

खाण बंद पडल्यावर लोकांनी काय केलं, हेही विचारा. बेकार झालेल्या वेल्डरांनी, क्रेनवाल्यांनी फावल्या वेळात ९० फुटी मेरीमातेचा पुतळा केला आणि १९८५मध्ये हेलिकॉप्टरने पूर्वेच्या कड्यावर चढवला. हातात कसब होतं, काम नव्हतं. आमच्या गिरणगावच्या हातांना असं काही करायला मिळालं असतं तर, हा विचार माझ्या मनात कितीदा आला असेल.

तर थांबा, आणि एक रात्र राहा. जेवणाला पॅस्टी घ्या: मांस-बटाटा-कांद्याचं सारण भरलेली मोठी खारी करंजी म्हणा, बहुतेक ठिकाणी बीफची असते, तेव्हा विचारून घ्या. कॉर्निश कामगार ती डब्यात खाली न्यायचे. गाडी ग्रॅनाइट स्ट्रीटला लावा आणि फुटपाथकडे बघत चाला. मधेमधे काचेचे छोटे चौकोन बसवलेले सापडतील, जांभळे. फुटपाथखाली पोकळ तळघरं आहेत, त्यांत उजेड जावा म्हणून ते बसवले. काच तेव्हा बिनरंगाची होती; तिच्यात मँगेनीज असतं, शंभर वर्षांच्या उन्हाने ती जांभळी झाली. काही फुटल्यात, काहींवर सिमेंट थापलंय. मुलांना वाकून हात लावू द्या. अंधार पडला की मान वर करा, हेडफ्रेमवर लाल दिवे लागतात. स्वेटर मात्र जवळ ठेवा, जूनमध्येही तिथे बर्फ पडलेला मी बघितलाय.