बातम्यांमध्ये माझी नजर आधी बंदुकीवर जाते

युद्धाची एखादी क्लिप आली की घरातले बाकीचे चेहरे बघतात, पडलेल्या इमारती बघतात, खालची पट्टी वाचतात, आणि मी बघतो त्या माणसाच्या हातात काय आहे ते. बऱ्याच वर्षांची सवय आहे, आता काही सुटत नाही. पुढच्या हँडगार्डला, म्हणजे नळीवरच्या लाकडी आवरणाला, तीन भोकं दिसली की समजायचं युगोस्लावियाची झास्तावा, नेम धरायची पुढची साईट पूर्ण गोल कड्यात असेल तर बहुतेक चिनी टाईप ५६, दोन्ही एके-४७ च्याच घराण्यातल्या रायफली, आणि एकदा हे ओळखता यायला लागलं की बातमी वेगळीच दिसायला लागते. कारण युगोस्लाविया नावाचा देश फुटून तीस वर्षं होऊन गेली, ज्या सैन्यासाठी ती रायफल बनली ते सैन्य राहिलं नाही, ते सैन्य ज्या विचारासाठी उभं होतं तोही गेला, आणि रायफल मात्र भलत्याच खंडात, ती बनली तेव्हा ज्याचे आईवडीलसुद्धा शाळेत असतील अशा पोराच्या हातात व्यवस्थित चालतेय.

२०१२ मध्ये सीरियातल्या बंडखोरांना एका साठ्यात एसटीजी-४४ सापडल्या, एक-दोन नाही, हजारोंनी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनवलेली रायफल ही. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही, आधी आनंदच झाला होता, खरं सांगतो, म्युझियममध्ये काचेमागे असते ती वस्तू आणि इथे लाकडी खोक्यात रांगेने लावलेली. मग जरा वेळाने डोक्यात आलं की हिटलर १९४५ मध्ये मेला आणि त्याच्या कारखान्यातली बंदूक २०१२ मध्ये कुणाच्या तरी शहरात गोळ्या झाडायला तयार आहे. युक्रेनच्या युद्धातही तेच, २०२२ मध्ये रशियाच्या बाजूच्या डोनेत्स्कमधून जबरदस्तीने भरती केलेल्या लोकांच्या हातात मोसिन-नागांत रायफल दिसली, जिचं मूळ डिझाईन १८९१ चं. आणि खंदकात मॅक्सिम मशीनगन, जी हायरम मॅक्सिमने १८८४ च्या सुमारास शोधली. आकाशात ड्रोन आणि खाली मॅक्सिम.

मला जगाबद्दल जे काही कळलंय ते याच खिडकीतून कळलंय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की बंदूक आवडणाऱ्या माणसाने तरी ‘कुणाला द्यायची’ एवढ्यावर थांबू नये, ‘नंतर ती कुठे जाणार’ हे विचारावं. कारण ती टिकते हे आपल्याला बाकीच्यांपेक्षा चांगलं माहीत असतं.

टिकते का, तर तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच. कलाश्निकोव्ह, म्हणजे एके-४७, उघडून बघा, म्हणजे बघायला मिळाली तर, वरचं झाकण काढलं की रिकॉईल स्प्रिंग, मग बोल्ट कॅरियर, मग बोल्ट, पाच-सहा तुकडे टेबलावर आणि झालं. नळीला आतून क्रोम, भागांमध्ये मुद्दाम ठेवलेली सैल जागा म्हणून वाळू गेली तरी चालते, आणि साठवताना घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवली की पन्नास वर्षांनी पुसून काढा. कुठलंही सरकार, कुठलाही करार, कुठलीही विचारसरणी मला दाखवा जी इतकी वर्षं ग्रीसमध्ये ठेवून जशीच्या तशी बाहेर निघते. जगभरात या घराण्यातल्या रायफली अंदाजे ७ ते १० कोटी असाव्यात असं म्हणतात.

मालीची गोष्ट मला कायम आठवते. १९९० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या उत्तरेला तुआरेग, म्हणजे सहारातल्या भटक्या लोकांचे, बंडखोर आणि सरकार यांच्यात लढाई झाली, मग समेट झाला, आणि २७ मार्च १९९६ ला टिंबक्टूमध्ये चौकात सुमारे ३ हजार बंदुकांचा ढीग रचून तो पेटवला. लोकांसमोर. शांततेची ज्योत म्हणून त्याचं नाव, नंतर तिथे स्मारक बांधलं आणि त्या जळक्या बंदुका सिमेंटमध्ये बसवल्या. जगात क्वचित कुणी असं केलंय, आणि गरीब देशाने केलंय. आता पुढचं ऐका. २०११ मध्ये लिबियात गद्दाफी पडला, नाटोची विमानं वरून मदतीला होती, बंडखोरांना बाहेरून शस्त्रं मिळत होती, आणि गद्दाफीने चाळीस वर्षं साठवलेली कोठारं उघडी पडली. पहारा कुणाचाच नाही. गद्दाफीसाठी लढणारे तुआरेग सैनिक गाड्या भरभरून शस्त्रं घेऊन वाळवंटातून दक्षिणेकडे निघाले, जानेवारी २०१२ मध्ये मालीत बंड पेटलं, मार्चमध्ये लष्कराने सरकार उलथवलं, आणि एप्रिलमध्ये टिंबक्टू बंडखोरांच्या हातात. तेच टिंबक्टू. ज्यांनी सोळा वर्षांपूर्वी आपल्या बंदुका जाळल्या त्यांच्या दारात दुसऱ्याच्या बंदुका येऊन उभ्या राहिल्या, आणि लिबियाचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी एकालाही मालीच्या गावातलं कुणी ओळखत नव्हतं. साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा तो सगळा पट्टा, अजून धुमसतोय.

मला इथे राग येतो, आणि तो बंदुकीवर येत नाही. गद्दाफी राहायला हवा होता असंही मी म्हणत नाही, पण कोठारावर पहारेकरी बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही हे मला पटतच नाही. साध्या शूटिंग क्लबमध्येसुद्धा स्ट्राँगरूमची चावी कुणाकडे, रजिस्टरवर सही कुणाची, किती काडतुसं गेली आणि किती परत आली हे रोज लिहितात. जे आम्ही २२ बोअरच्या काडतुसांसाठी करतो ते अख्ख्या देशाच्या शस्त्रसाठ्यासाठी करायचं नाही?

अल्बानियात १९९७ मध्ये तर बाहेरून कुणी आलंही नव्हतं. पिरॅमिड स्कीम बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची कमाई गेली, चिडलेले लोक लष्कराच्या कोठारांत घुसले आणि पाच लाखांहून जास्त शस्त्रं घरोघर गेली. त्यातली बरीचशी शेजारच्या कोसोव्होत पोचली, आणि तिथे वर्षभरात युद्ध. म्हणजे सुरुवात चिटफंडासारख्या फसवणुकीतून आणि शेवट दुसऱ्या देशाच्या लढाईत. अर्थशास्त्रवाले याकडे पैशाच्या बाजूने बघतात, मी रायफलच्या बाजूने बघतो, गोष्ट एकच.

संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापाराचा करार २०१३ मध्ये झाला, २०१४ च्या डिसेंबरपासून लागू आहे. रशियाने सही केली नाही, अमेरिकेने केली पण संसदेची मंजुरी कधी घेतली नाही आणि २०१९ मध्ये अंगच काढून घेतलं. यावर जास्त लिहावं असं त्यात काही नाही. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर होता, हा आकडा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा, आणि एवढा पैसा फिरत असताना कागदाचं कोण ऐकणार.

युक्रेनबद्दल मला लोक विचारतात, कारण त्यांना वाटतं मी आता गप्प बसेन. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हमध्ये सामान्य नागरिकांना हजारो रायफली वाटल्या. मला ते तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं, रणगाडे शहराच्या वेशीवर आल्यावर माणसाच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. पण त्या दिवसापासून मनात घोळतंय की या रायफलींचे नंबर कुणी लिहून घेतले का, घेतले असतील तर ते रजिस्टर सुरक्षित आहे का, युद्ध संपल्यावर परत मागायला कोण जाणार. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवता येतात. (तिथले सैनिक आता ड्रोन पाडायला शॉटगन वापरतात, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीची बंदूक पुन्हा आघाडीवर आली, हे माझ्यासारख्याला बघायला अजब वाटतं.)

आता घराकडचं, म्हणजे समाजाचं. बंदुकीच्या चर्चेत दोन गट पडलेले असतात, एकाला प्रत्येक बंदूक म्हणजे खून वाटतो, दुसऱ्याला प्रत्येक नियम म्हणजे गुलामगिरी, आणि दोघांना बोलताना ऐकलं की कळतं यातले बहुतेक कधी नेमबाजीच्या रेंजवर उभे राहिलेले नाहीत. स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत मार्च १९९६ मध्ये १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, पाच-सहा वर्षांची मुलं होती ती. ब्रिटनने पुढच्याच वर्षी पिस्तुलांवर बंदी घातली, इतकी की त्यांच्या पिस्तूल नेमबाजांना सरावाला परदेशात जायची वेळ आली. नेमबाज म्हणून मला ते लागतं. पण त्या मुलांच्या आईबापांसमोर उभं राहून माझ्या खेळाचं काय असं विचारायची माझी हिंमत नाही, आणि ज्याची आहे त्याच्याशी मला बोलायचं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला ३५ माणसं गेली, बारा दिवसांत तिथल्या सगळ्या राज्यांनी मिळून कायदा कडक करायचं ठरवलं आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथे नेमबाजी बंद पडली का? नाही, ऑस्ट्रेलियाचे नेमबाज ऑलिम्पिकला येतातच.

स्वित्झर्लंडचं उदाहरण सगळे देतात, घरोघरी रायफल तरी शांतता. हे सांगताना पुढचं सांगत नाहीत की ती रायफल मुळात सैनिकी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाची, आणि घरी काडतुसं ठेवायची पद्धत त्यांनी २००७ मध्ये बंद करायला घेतली. २०१९ ला सार्वमत घेतलं तेव्हा नेमबाजांच्या संघटनेने विरोध करूनही जवळपास ६४ टक्के लोकांनी नियम कडक करायला हो म्हटलं. बंदूक जवळून माहीत असलेल्या समाजाचं हे मत आहे.

जवळून माहीत असणं म्हणजे काय ते सांगतो. दहा मीटर एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलीमीटरचा असतो आणि आपला छर्रा ४.५ मिलीमीटरचा, म्हणजे ज्याला लागायचं त्याच्यापेक्षा लागणारं नऊपट मोठं, आणि तरीही तो चुकतो, कारण श्वास चुकला, कारण हृदयाचा ठोका त्याच क्षणी पडला. तासन् तास उभं राहून माणूस एकच शिकतो, ट्रिगर ओढायचा नाही हे. दहा वेळा रायफल खांद्याला लावली की चार-पाच वेळा गोळी न झाडता खाली घ्यायची. मनासारखं जमलं नाही, खाली घे. परत श्वास. परत लाव. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नसतं.

आणि पहिल्या दिवशी पहिला नियम, बंदूक कायम भरलेलीच समजायची. एकदा एका माणसाने बोलता बोलता रायफल घेऊनच मागे वळून नळी माझ्या पोटाच्या रेषेत आणली आणि वर म्हणाला, अरे रिकामी आहे. चेंबरमध्ये पिवळा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची खूण, नव्हता. कोचने त्याच्या हातातून रायफल काढून घेतली, बोल्ट उघडून बघितला, खरंच रिकामी होती, आणि तरी त्याला त्या दिवसानंतर रेंजवर पाऊल ठेवू दिलं नाही. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आता वाटत नाही. सोशल मीडियावर पोरं कंबरेची पिस्तुलं दाखवत, एकमेकांवर रोखत रील बनवतात ना, ते बघताना माझ्या पोटात तीच रेषा जाणवते.

अजून एक गोष्ट, जी आमच्यातले लोक बोलत नाहीत. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली आणि त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, अर्ध्याहून जास्त. चोर नाही, दरोडेखोर नाही, घरातलाच माणूस आणि एक वाईट रात्र. आमच्यातला एक जण, फार चांगला नेमबाज, दोन वर्षांपूर्वी स्वतःहून आला आणि म्हणाला माझी रायफल क्लबच्या स्ट्राँगरूममध्ये ठेवायचीय, घरी नको. कारण कुणी विचारलं नाही. मी त्याच्याबरोबर रजिस्टरवर सही करायला गेलो आणि नंतर त्याच्या घरी तीन तास बसलो, फारसं न बोलता. तो आता बरा आहे, सरावाला येतो, रायफल अजून तिथेच ठेवतो. मला आजवर बंदुकीबद्दल कुणी दाखवलेली सगळ्यात मोठी समज तीच वाटते. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर वाट बघू नका, विचारा, आणि त्याच्याबरोबर जा.

मिखाईल कलाश्निकोव्ह १९४१ मध्ये ब्रायन्स्कजवळ जखमी झाला आणि हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात बंदूक बनवायचं आलं, आपल्या देशावर चालून आलेल्यांना थोपवायला. आयुष्यभर तो म्हणायचा की दोष राजकारण्यांचा. आणि शेवटच्या काळात, नव्वदी पार केल्यावर, त्याने रशियन चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहिलं की माझ्या रायफलने माणसं मेली तर त्याचा दोष माझ्यावरही येतो का, हा प्रश्न मला सहन होत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये तो गेला. मी त्याचा अजूनही चाहता आहे, आणि पत्राबद्दल वाचल्यापासून जास्तच.

कोलंबियात फार्क बंडखोरांनी २०१७ मध्ये जवळपास ९ हजार शस्त्रं संयुक्त राष्ट्रांकडे जमा केली, आणि डोरिस साल्सेदो नावाच्या तिथल्या शिल्पकार बाईंनी त्यांचं वितळलेलं लोखंड घेऊन बोगोटातल्या एका इमारतीत जमीन बनवली. ज्या बायकांवर युद्धात अत्याचार झाले होते त्यांनी हातोड्यांनी पत्रे ठोकले, आणि त्या पत्र्यांच्या ठशांवरून फरशा ओतल्या. मी त्या फरशांचा फोटो मोठा करून, इंच इंच सरकवत बघितला, सवयीने, एखादी साईट, एखाद्या मॅगझिनची वळलेली कड, नंबराचा एखादा आकडा ओळखू येतो का म्हणून. नुसते हातोड्याचे घाव होते, काळपट, आणि त्यावर चालणाऱ्या कुणाचे तरी बूट.