वाकलं की बरं वाटतं

रविवार, रात्री

पाऊस उघडायचं नाव नाही आणि मंगळवारी मंगाई देवीची यात्रा. आमच्या बेळगावच्या वडगावात यात्रा म्हणजे घरटी पाहुणे. सून म्हणाली, "आई, तुम्ही यंदा नुसतं बसून सांगा, आम्ही करतो." माझ्या मणक्याच्या दुखण्यामुळं म्हणते, तिचा जीव आहे माझ्यावर, पण नुसतं बसून सांगणं मला जमत नाही. म्हणून आज स्वयंपाकघराची मांडणीच बदलून घेतली.

ओट्याखाली लाकडी पाट ठेवलाय. उभं राहून काही करायचं झालं की एक पाय त्याच्यावर, थोड्या वेळानं दुसरा. पाय उचलला की कमरेचा बाक कमी होतो आणि पोटऱ्यांत उतरणारा जडपणा जरा उशिरा येतो. भाकऱ्या मी खाली शेगडीपाशी बसूनच थापणार. कणीक मळणं, कोथिंबीर निवडणं, नारळ खोवणं ही सगळी बसायची कामं माझ्याकडे घेतली. फोडणी, उतरवणं, वरच्या फळीवरचे डबे सुनेकडे. हात वर करून मान मागे टाकली की दोन्ही पाय लगेच कुरकुरतात.

कपड्यांची दोरीही मुलाकडून खाली बांधून घेतली. या दिवसांत बेळगावात कपडे वाळत नाहीत, तेच ओलं लुगडं सारखं इकडून तिकडे टाकावं लागतं. आधीच्या उंच दोरीवर चार कपडे टाकले की मला खाटेवर येऊन पडावं लागायचं. आता दोरी छातीएवढी आहे. घरातले उंच लोक तिला अडखळतात, पण कुणी कुरकुर करत नाही.

सोमवार

दुपारी शेजारची आली होती. म्हणाली, "मावशी, असं कुबड काढून चालू नका हो, ताठ चाला, पाठ सुधारंल." मनापासून म्हणते बिचारी. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आज ठरवलं, नीट लिहूनच ठेवावं.

मला झालंय ते स्पायनल स्टेनोसिस. कण्याच्या आत जो पोकळ मार्ग असतो, ज्यातून नसा खाली उतरतात, तो अरुंद होणं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली सुट्या नसांचा जुडगा असतो. माझ्या एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी, म्हणजे एल 4-5 ला, जागा सगळ्यात आवळलेली दिसली. बऱ्याच जणांना तिथंच होतं म्हणे. वयानं दोन मणक्यांमधली चकती फुगते, सांधे वाढतात, मागच्या बाजूचा पिवळा बंध जाड होतो आणि तिन्ही बाजूंनी नसांची जागा खाल्ली जाते. आपण ताठ उभे राहिलो किंवा मागे वाकलो की तो बंध आत दुमडतो, मार्ग आणखी अरुंद होतो. पुढे वाकलं की तो ताणला जातो आणि नसांना मोकळीक मिळते.

म्हणून मी वाकून चालते. ती माझी खोड नाही आणि आळसही नाही.

या दुखण्याच्या खुणा ओळखीच्या नसल्या की माणसं संशय घेतात. मुलाच्या जुन्या सायकलवर मी अजून गल्लीतून फेरी मारते, हँडलवर वाकून, काही होत नाही. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत चालत गेले तर मध्ये बसावं लागतं. "सायकल चालते आणि चालायला होत नाही होय?" असं जवळच्याच एकानं विचारलं होतं, फार लागलं होतं ते मनाला. राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा नवा पुतळा बघायला 2023 नंतर गेलो होतो, तेव्हाही चढणीला मी सगळ्यांच्या पुढे. उतरताना मात्र पाय लाकडाचे झाले. चढणीला माणूस आपोआप पुढे झुकतं, उताराला मागे रेलतं. तेव्हा हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मंगळवार, यात्रा

पहाटेच ओटी भरून आले, गर्दी वाढायच्या आत. देवळापर्यंत कुठे कुठे बसायला मिळतं ते मला पाठ आहे: कोपऱ्यावरच्या घराचा कट्टा, बंद दुकानाची पायरी, मग मारुतीचा पार. आता मी पाय दुखायची वाट बघत नाही. दुखायच्या आधीच बसते. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेली ही एकच गोष्ट सगळ्या गोळ्यांपेक्षा उपयोगी पडली. दुखू लागल्यावर बसलं तर उठायला फार वेळ लागतो. आधीच दोन मिनिटं टेकलं, गुडघ्यांवर कोपरं ठेवून पुढे झुकलं, की पुढचा टप्पा नीट जातो. त्या बाई अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत बोलतात. "स्वल्प मुंद बग्ग्री आज्जी, हं, असं, आता श्वास सोडा." म्हणजे थोडं पुढे वाका. झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, पोट आत ओढून कंबर गादीला टेकवायची. व्यायाम साधेच आहेत, पण रोज केले तरच.

दुपारी येळ्ळूरहून धाकटी बहीण आली. तिच्याकडं रोप लावणी चाललीय. दिवसभर चिखलात वाकून लावते आणि म्हणते, "अक्का, शेतात काय होत नाही बघ. घरला येताना बांधावरनं चालूच देत नाहीत पाय. गारठतात, मुंग्या येतात. मध्ये दोनदा बसते. बसलं की जातंय."

मी हातातली परात खाली ठेवली. तिला विचारलं, नुसतं उभं राहून थांबलीस तर जातं का? म्हणाली, नाही, बसायलाच लागतं. उताराला जास्त होतं का? म्हणाली, होय की. रात्री कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपली की बरं वाटतं, हेही तिनंच सांगितलं.

बाकीच्या बायका म्हणाल्या, वय झालं, चिखलाचं गारठं बसलंय, तेल चोळ. ती पण मान हलवत होती. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, दवाखान्यात चल.

शुक्रवार

दोन दिवस कुणी ना कुणी होतं, लिहायला जमलं नाही. यात्रेच्या रात्री पाय फार ठणकले. नसांची गोळी घेतली. त्या गोळीनं सकाळी गरगरतं, म्हणून डॉक्टरांनी मात्रा कमीच ठेवलीय. दुखण्याची साधी गोळी बीपीमुळं आणि किडनीच्या काळजीनं अगदीच सोसवेना तेव्हाच. मागं मणक्यात इंजेक्शन दिलं होतं, त्यानं काही आठवडे सुटल्यासारखं वाटलं, मग पुन्हा तेच. ऑपरेशनचं बोलणं झालंय. मागचं हाड काढून नसांना जागा करून देतात. त्यानं पायांचं दुखणं बहुधा कमी होतं, कमरेच्या दुखण्याची तेवढी खात्री नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. घाई नाही म्हणाले, पाय किती चालू देतात ते बघत राहू.

धाकटीचा सकाळी फोन आला. तिच्या जावेनं सांगितलंय की असं पायात येणं म्हणजे रक्तवाहिन्यांचं. तेही असू शकतं, मी ते नाकारत नाही. पण तो त्रास नुसतं उभं राहिलं तरी थांबतो आणि तिला तर बसावं लागतं. साखर वाढल्यानंही पायांना मुंग्या येतात. डॉक्टर पावलावरची नाडी बघतील, साखर तपासतील आणि मग ठरवतील. ते तिनं किंवा मी ठरवायचं नाही. फक्त "वय झालं" म्हणून गप्प बसायचं नाही, एवढं मात्र मी तिला बजावलं.

आणखी एक बजावलं, ते तिच्या सुनेला फोनवर वेगळं सांगितलं, कारण धाकटी असलं काही घरात बोलायची नाही. लघवी अडली किंवा कळायची बंद झाली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाय एकदम लुळा पडला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, गाडी काढायची आणि मोठ्या दवाखान्यात जायचं. माझ्या घरात हे कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलंय, नातवाच्या अक्षरात.

लावणी संपली की सोमवारी धाकटी पहिल्या बसनं येणार आहे. जुने एक्स-रे असतील तर घेऊन ये म्हटलं. मी बरोबर जाणार, सायकल नाही, रिक्षा करून. डॉक्टर विचारतील तेव्हा ती "काय नाही, जरा पाय दुखतात" एवढंच म्हणेल, मला माहिती आहे. किती चालल्यावर, कुठून कुठपर्यंत, काय केलं की जातं, हे सगळं आत्ताच एका कागदावर तिच्याकडून विचारून उतरवून घेतलंय. तो कागद पिशवीत घातला.